गुणसूत्रीय इजेवरून प्रारणमात्रेचे मापन : प्रयोगशाळा-पद्धतींचे प्रमाणीकरण आणि धाराशिव जिल्ह्याचा संदर्भ

गोषवारा

क्ष-किरण, गॅमा किरण यांसारख्या आयनीकारक प्रारणाशी माणसाचा संपर्क आला असता त्याच्या रक्तातील लसिकापेशींच्या गुणसूत्रांमध्ये विशिष्ट स्वरूपाची मोडतोड होते. या मोडतोडीची मोजणी करून शरीराला मिळालेल्या प्रारणमात्रेचा अंदाज बांधता येतो. या पद्धतीस जैविक मात्रामापन असे म्हणतात. मात्र रक्त काढण्यापासून अहवाल लिहिण्यापर्यंतची प्रत्येक कृती एकसारखी व पडताळलेली असेल, तरच तिचे उत्तर विश्वसनीय ठरते. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे शास्त्रीय अधिष्ठान, प्रमाणीकरणाची गरज व त्याची अंगे यांचे विवेचन केले आहे. अशी प्रयोगशाळा नसलेल्या धाराशिवसारख्या जिल्ह्याचा या साखळीतील वाटा कोणता, हेही स्पष्ट केले आहे.

महत्त्वाचे शब्द : जैविक मात्रामापन, द्विकेंद्री गुणसूत्र, लसिकापेशी, अंशांकन वक्र, प्रमाणीकरण.

प्रस्तावना

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात अणुभट्टी नाही. त्यामुळे किरणोत्सार हा विषय आपल्या परिसराशी संबंधित नाही, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. तो बरोबर नाही. जिल्हा रुग्णालयापासून तालुक्याच्या गावातील खासगी दवाखान्यापर्यंत क्ष-किरण यंत्रे वापरात आहेत. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय असून परंडा, भूम, कळंब या भागांतील रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या बार्शीची वाट धरत आले आहेत. कारखान्यांतील बाष्पपात्रे व नळ यांच्या वेल्डिंगच्या सांध्यांची तपासणी करण्यासाठीही गॅमा किरणांचा उपयोग केला जातो. या सर्व ठिकाणी काम करणारी माणसे प्रारणाच्या सान्निध्यात असतात.

अशा कर्मचाऱ्यांच्या छातीवर एक लहान बिल्ला लावलेला असतो. त्याला टीएलडी बिल्ला म्हणतात. भारतात वापरल्या जाणाऱ्या या बिल्ल्यात डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. प्रारणाची ऊर्जा त्या साठवून ठेवतात आणि तापवल्यावर प्रकाशाच्या रूपाने परत देतात. त्या प्रकाशावरून मात्रा ठरते. भारतातील नियमांनुसार व्यावसायिक कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट यापेक्षा अधिक मात्रा मिळता कामा नये.

समजा, एखाद्या क्ष-किरण तंत्रज्ञाच्या बिल्ल्यावर २५० मिलिसीव्हर्ट इतकी नोंद आली. ही मात्रा खरोखर त्याच्या शरीराला मिळाली, की अॅप्रनला लावलेला बिल्ला सुट्टीच्या दिवसांत क्ष-किरण कक्षातच लटकत राहिला? बिल्ला याचे उत्तर देऊ शकत नाही. तंत्रज्ञाच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा, तर खरी बाधा दुर्लक्षित राहण्याचा धोका आहे. बिल्ल्यावर विश्वास ठेवावा, तर निष्कारण त्याचे काम बंद होते आणि घरात भीती शिरते. या पेचातून सुटण्याचा मार्ग त्याच्याच रक्तात असतो. परंतु रक्तातील खूण वाचण्याची रीत प्रमाणित नसेल, तर तो मार्गही दुसऱ्या पेचाकडे नेतो. या लेखाचा मुख्य विषय तोच आहे.

गुणसूत्रे मात्रेची नोंद कशी ठेवतात?

मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे १९५६ साली जो हिन त्जिओ व अल्बर्ट लेवान यांनी निश्चित केले. प्रत्येक गुणसूत्राला गुणसूत्रबिंदू नावाचा एक आकसलेला भाग असतो. पेशी विभागताना गुणसूत्र याच ठिकाणी धरून ओढले जाते. आयनीकारक प्रारणामुळे गुणसूत्रातील डीएनएचे दोन्ही पदर तुटू शकतात. पेशी हे तुकडे सांधण्याचा प्रयत्न करते आणि बहुतेक वेळा ते बरोबर सांधले जातात. मात्र एकाच वेळी दोन गुणसूत्रे तुटली असतील, तर काही वेळा चुकीची टोके एकमेकांना जोडली जातात. गुणसूत्रबिंदू असलेले दोन तुकडे परस्परांना जोडले गेले म्हणजे दोन बिंदूंचे एक गुणसूत्र तयार होते. त्याला द्विकेंद्री गुणसूत्र म्हणतात. उरलेले बिंदुरहित तुकडे मिळून एक अकेंद्री तुकडा होतो.

द्विकेंद्री गुणसूत्राला या शास्त्रात विशेष महत्त्व आहे, याची तीन कारणे आहेत. पहिले कारण असे की, निरोगी व प्रारणाशी संपर्क न आलेल्या माणसात ते क्वचित आढळते. साधारणपणे हजार पेशींमागे एक किंवा त्याहूनही कमी असे हे प्रमाण असते. दुसरे असे की, त्याचा प्रारणाशी असलेला संबंध बराच निश्चित आहे. अनेक रसायनांमुळे होणारी इजा प्रामुख्याने गुणसूत्राच्या एका अर्धकात, म्हणजे क्रोमॅटिडमध्ये, दिसते. फवारणीच्या औषधांशी रोजचा संबंध येणाऱ्या शेतीप्रधान जिल्ह्यात हा भेद विशेष उपयोगाचा आहे. तिसरे कारण मोजणीच्या सोयीचे आहे. दोन बिंदू असलेले गुणसूत्र सूक्ष्मदर्शकाखाली सरावलेल्या डोळ्यास ओळखता येते.

रक्तातील लसिकापेशी या मोजणीसाठी निवडल्या जातात. त्या सर्व शरीरभर फिरत असल्यामुळे शरीराला मिळालेल्या मात्रेचे सरासरी चित्र त्यांत उमटते. शिवाय रक्तप्रवाहातील या पेशी विश्रांत अवस्थेत, म्हणजे विभाजन न करता, असतात. त्यामुळे झालेली इजा काही काळ त्यांच्यात तशीच राहते. १९६० साली पीटर नॉवेल यांनी घेवड्याच्या जातीच्या शेंगवर्गीय दाण्यातून मिळणारे फायटोहिमॅग्लुटिनिन हे द्रव्य या विश्रांत पेशींना विभाजनास प्रवृत्त करते, असे दाखवून दिले. त्यानंतर चमचाभर रक्तातून गुणसूत्रे पाहणे शक्य झाले. पुढे १९६२ मध्ये मायकेल बेंडर व गूच यांनी गुणसूत्रांतील दोषांचा उपयोग मात्रामापनासाठी करता येईल असे सुचविले. तेथून या शाखेचा विकास सुरू झाला.

प्रयोगशाळेतील कृती

या चाचणीची मूळ कृती सर्वत्र सारखीच आहे. रक्तात पोषक द्रव व फायटोहिमॅग्लुटिनिन मिसळून ते ३७ अंश सेल्सियस तापमानात सुमारे ४८ तास ठेवले जाते. शेवटच्या काही तासांत कोल्सेमिड घालून पेशींचे विभाजन मध्यावस्थेत थांबवले जाते, कारण याच अवस्थेत गुणसूत्रे आखूड, जाड व स्पष्ट असतात. त्यानंतर पोटॅशियम क्लोराइडच्या सौम्य द्रावणात पेशी फुगविल्या जातात. मिथेनॉल व अॅसेटिक आम्ल यांच्या तीनास एक या मिश्रणात त्या स्थिर केल्या जातात. काचपट्टीवर थेंब सोडून तो वाळला म्हणजे गिम्सा रंगद्रव्याने रंगविला जातो. यानंतर मोजणी सुरू होते.

द्विकेंद्री गुणसूत्रांचे प्रति पेशी प्रमाण व मात्रा यांचा संबंध गॅमा व क्ष-किरणांच्या बाबतीत पुढील समीकरणाने मांडला जातो :

प्रमाण = क + (अ × मात्रा) + (ब × मात्रा²)

यातील ‘क’ हे प्रारणाशिवायही आढळणारे मूळ प्रमाण होय. ‘अ’ या सहगुणकाचे पद एकाच किरणमार्गाने झालेल्या दोन्ही तुटींशी, तर ‘ब’चे पद दोन स्वतंत्र किरणमार्गांनी झालेल्या तुटींशी निगडित आहे. हे सहगुणक मिळविण्यासाठी निरोगी व्यक्तींच्या रक्ताला प्रयोगशाळेत मोजून-मापून ठरावीक मात्रा दिल्या जातात. प्रत्येक मात्रेला किती द्विकेंद्री गुणसूत्रे मिळतात, हे पाहून एक वक्र काढला जातो. त्यालाच अंशांकन वक्र म्हणतात. अज्ञात मात्रेच्या रक्तातील प्रमाण या वक्रावर ठेवून मात्रा वाचली जाते.

प्रमाणीकरण नसेल तर काय होते?

केवळ समजुतीसाठी ‘क’ ०.००१, ‘अ’ ०.०२ आणि ‘ब’ ०.०६ असे मानू. मात्रा ग्रे या एककात आहे. वरील तंत्रज्ञाच्या रक्तातील ५०० पेशी तपासल्या व त्यांत ५ द्विकेंद्री गुणसूत्रे आढळली. म्हणजे प्रति पेशी प्रमाण ०.०१ झाले. समीकरण सोडवले असता मात्रा सुमारे ०.२५ ग्रे येते. गॅमा व क्ष-किरणांच्या बाबतीत, संपूर्ण शरीरास सारखी बाधा झाली असता, हा आकडा २५० मिलिसीव्हर्टच्या जवळचा आहे. म्हणजे बिल्ला खरे सांगत होता, असे अनुमान निघेल.

आता या कृतीत तीन लहान फरक करून पाहू.

पहिला फरक मोजणाऱ्याचा. एखाद्या निरीक्षकाने पाचपैकी दोन द्विकेंद्री गुणसूत्रे, ती एकमेकांवर पडलेली दोन साधी गुणसूत्रे आहेत असे समजून सोडून दिली, तर प्रमाण ०.००६ होते आणि मात्रा ०.१७ ग्रेपर्यंत खाली येते.

दुसरा फरक वक्राचा. अल्प मात्रेला क्ष-किरणांमुळे होणारी द्विकेंद्री गुणसूत्रे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांपेक्षा अधिक असतात. क्ष-किरणांच्या वक्रात ‘अ’ ०.०४ मानला, तर त्याच ५ गुणसूत्रांवरून मात्रा सुमारे ०.१८ ग्रे निघते. म्हणजे क्ष-किरण कक्षातील कर्मचाऱ्याचे रक्त कोबाल्टच्या वक्रावर ठेवले, तर कोणाच्याही हातून मोजणीची चूक न होता उत्तर चुकते.

तिसरा फरक वेळेचा. द्विकेंद्री गुणसूत्र असलेली पेशी विभागताना त्याचे दोन बिंदू विरुद्ध दिशांना ओढले जाऊ शकतात. त्यामुळे एका विभाजनात साधारणपणे निम्मी द्विकेंद्री गुणसूत्रे नाहीशी होतात. संवर्धन अधिक वेळ चालू राहिले आणि दुसऱ्या विभाजनातील पेशी मोजणीत आल्या, तर मात्रा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.

या तिन्ही उदाहरणांत रक्त तेच आहे, माणूस तोच आहे. बदलली ती केवळ रीत. एकाच माणसाला दोन प्रयोगशाळांनी दोन उत्तरे दिली, तर त्याने कोणते खरे मानायचे? प्रमाणीकरणाची गरज या प्रश्नातून निर्माण झाली.

प्रमाणीकरणाची अंगे

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने या विषयावरील मार्गदर्शिका १९८६, २००१ व २०११ या वर्षी प्रसिद्ध केल्या. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २००४ मध्ये आयएसओ १९२३८ हे मानक काढले. गुणसूत्रांवरून जैविक मात्रामापन करणाऱ्या सेवा-प्रयोगशाळांनी कोणते निकष पाळावेत, हे त्यात सांगितले आहे. त्याच्या सुधारित आवृत्त्या २०१४ व २०२३ मध्ये आल्या. मोठ्या दुर्घटनेत अनेक जणांची झटपट वर्गवारी करण्यासाठी २००८ मध्ये आयएसओ २१२४३ हे वेगळे मानक तयार झाले. या सर्वांचा आशय पुढील मुद्द्यांत मांडता येईल.

१) मोजण्यायोग्य पेशीची व्याख्या. प्रत्येक निरीक्षकाने तीच पेशी स्वीकारावी किंवा नाकारावी, यासाठी नियम ठरलेले असतात. पेशी पूर्ण असली पाहिजे व तीतील गुणसूत्रे मोजता आली पाहिजेत. द्विकेंद्री गुणसूत्र आढळल्यास त्याच्या जोडीचा अकेंद्री तुकडाही त्याच पेशीत सापडला पाहिजे. तुकडा हिशेबात घेऊन एकूण संख्या ४६ भरते की नाही, ही सोपी पण परिणामकारक पडताळणी आहे.

२) पहिल्या विभाजनाची खातरजमा. संवर्धनात ब्रोमोडीऑक्सियुरिडिन घालून विशेष रंगक्रिया केली असता दुसऱ्या विभाजनातील पेशींच्या गुणसूत्रांचे दोन अर्धक गडद व फिके असे वेगळे दिसतात. अशा पेशी मोजणीतून वगळता येतात.

३) स्वतःचा अंशांकन वक्र. प्रत्येक प्रयोगशाळेने आपल्याच निरीक्षकांच्या मोजणीवर आधारलेला वक्र तयार करावा, हे तत्त्व सर्वमान्य आहे. दुसऱ्याचा वक्र उसना घेणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाने आपले धान्य मोजण्यासारखे आहे.

४) अनिश्चिततेची नोंद. वरील उदाहरणात ५ गुणसूत्रे आढळली. ही संख्या लहान असल्याने योगायोगाचा भाग मोठा राहतो. ९५ टक्के विश्वासमर्यादा काढली, तर खरी मात्रा ०.०९ ते ०.४७ ग्रे यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. म्हणून केवळ ‘०.२५ ग्रे’ असा अहवाल अपुरा ठरतो. मर्यादांशिवाय दिलेला आकडा वाचणाऱ्याला नसलेल्या अचूकतेचा भास देतो.

५) वितरणाची तपासणी. संपूर्ण शरीराला सारखी मात्रा मिळाली असेल, तर द्विकेंद्री गुणसूत्रे पेशींमध्ये प्वासाँच्या नियमाप्रमाणे विखुरलेली आढळतात. १०० पेशींत २० द्विकेंद्री गुणसूत्रे असतील, तर सुमारे ८२ पेशी निर्दोष, १६ पेशींत एकेक आणि एक-दोन पेशींत दोन असे चित्र अपेक्षित असते. त्याऐवजी ९० पेशी निर्दोष व १० पेशींत प्रत्येकी दोन असे आढळले, तर शरीराच्या एखाद्याच भागाला मोठी मात्रा मिळाली असावी, असा निष्कर्ष निघतो. दोन्ही बाबतीत एकूण संख्या सारखी असली तरी डॉक्टरांचा उपचार मात्र वेगळा असेल.

६) आंतरप्रयोगशाळा तुलना. ज्ञात मात्रा दिलेले रक्त सांकेतिक क्रमांकाने निरनिराळ्या प्रयोगशाळांकडे पाठविले जाते. मोजणाऱ्याला मात्रा ठाऊक नसते. उत्तरे आल्यावर प्रत्येकीचे विचलन काढले जाते. आपली मोजणी इतरांच्या तुलनेत कोठे आहे, हे समजण्याचा दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

भारतीय अनुभव

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयाचे केंद्र मुंबईजवळील तुर्भे, म्हणजे ट्रॉम्बे, येथील भाभा अणुसंशोधन केंद्र हे होय. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला १९६७ मध्ये होमी भाभा यांचे नाव देण्यात आले. या केंद्राने केरळच्या किनाऱ्यावरील थोरियमयुक्त वाळूच्या पट्ट्यात, जेथे नैसर्गिक प्रारण जास्त आहे, दहा हजारांहून अधिक नवजात बालकांच्या रक्तातील गुणसूत्रांचा अभ्यास केला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जास्त व सामान्य प्रारणाच्या भागांतील बालकांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. इतक्या मोठ्या संख्येच्या अभ्यासात मोजणीची रीत वर्षानुवर्षे एकसारखी ठेवावी लागते. तसे न झाल्यास दिसणारा फरक प्रारणाचा की निरीक्षकाचा, हे सांगता येणार नाही.

भारतीय प्रयोगशाळांमधील द्विकेंद्री गुणसूत्रांच्या मोजणीची परस्परतुलनाही झाली आहे. साधी गिम्सा रंगक्रिया आणि गुणसूत्रबिंदू चमकविणारी प्रतिदीप्त पद्धती या दोहोंची तुलना करणारा असा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिंदू रंगीत ठिपक्यांसारखे चमकत असल्याने नवख्या निरीक्षकाचीही चूक कमी होते. मात्र खर्च वाढतो.

२०१० साली दिल्लीतील मायापुरी येथे घडलेल्या दुर्घटनेने या विषयाचे गांभीर्य देशासमोर आणले. दिल्ली विद्यापीठातील वापरात नसलेले एक गॅमा उपकरण फेब्रुवारी महिन्यात लिलावात विकले गेले. भंगाराच्या बाजारात ते फोडले गेले व त्यातील कोबाल्ट-६० चे तुकडे उघडे पडले. एप्रिलमध्ये अनेक जण आजारी पडले. त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. त्याआधी १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया शहरात भंगारात गेलेल्या सिझियम-१३७ च्या स्रोतामुळे चार जणांचा बळी गेला होता आणि शंभराहून अधिक व्यक्तींची गुणसूत्रे तपासावी लागली होती. भंगार फोडणाऱ्याच्या छातीवर बिल्ला नसतो. त्याच्या बाबतीत रक्त हाच एकमेव बिल्ला ठरतो. भंगाराचा व्यवसाय प्रत्येक तालुक्याच्या गावी चालतो, हे लक्षात घेतले म्हणजे दिल्ली व गोयानिया वाटतात तितकी दूर राहत नाहीत.

मोठ्या दुर्घटनेत प्रत्येकाच्या ५०० पेशी मोजणे शक्य नसते. अशा वेळी प्रत्येकी ५० पेशी पाहून प्राथमिक वर्गवारी केली जाते. ५० पेशींत एकही द्विकेंद्री गुणसूत्र न आढळल्यास, वरील समीकरणानुसार, मात्रा सुमारे १ ग्रेपेक्षा कमी असावी एवढेच म्हणता येते. ‘मात्रा मिळालीच नाही’ असे म्हणता येत नाही. हा भेद अहवालात स्पष्ट लिहिणे, हाही प्रमाणीकरणाचाच भाग आहे.

धाराशिव जिल्ह्याचा वाटा

गुणसूत्रांवरून मात्रा काढणारी प्रयोगशाळा प्रत्येक जिल्ह्यात असावी, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. अंशांकन वक्र, प्रशिक्षित निरीक्षक व सततची तुलना यांचा भार मोजक्या केंद्रांनीच पेलणे इष्ट आहे. परंतु साखळीतील पहिली कडी, म्हणजे रक्ताचा नमुना, जिल्ह्यातच तयार होते. ती कच्ची राहिली तर तुर्भ्यातील उत्तम प्रयोगशाळाही हतबल ठरते. या पहिल्या कडीच्या प्रमाणीकरणाकडे मानाने कमी लक्ष दिले जाते.

नमुना घेण्याचे नियम साधे आहेत. रक्त लिथियम हेपारिन असलेल्या नळीत घ्यावे. नेहमीच्या रक्तगणनेसाठी वापरली जाणारी ईडीटीए नळी येथे चालत नाही, कारण ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवते व पेशींच्या संवर्धनात बाधा येते. प्रारणाचा संपर्क झाल्यावर रक्तातील पेशी सर्वत्र मिसळण्यासाठी साधारणपणे एक दिवस जाऊ द्यावा. मात्र विनाकारण आठवडे दवडू नयेत. नमुना गोठवू नये आणि तापूही देऊ नये. २० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवून तो शक्यतो एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचवावा. वाटेत तो सामान-तपासणीच्या क्ष-किरण यंत्रातून जाऊ नये, अशी ठळक सूचना पेटीवर असावी.

धाराशिवच्या दृष्टीने यांतील तापमानाची अट कळीची आहे. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा ४० अंशांच्या पुढे जातो. मुंबई सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. बसच्या टपावर अथवा बंद गाडीत राहिलेल्या नमुन्यातील पेशी विभाजनास असमर्थ होऊ शकतात. दुसऱ्या बाजूस, उन्हाच्या भीतीने थेट बर्फाला लावून पाठविलेला नमुनाही निरुपयोगी ठरू शकतो. तापमानाची नोंद ठेवणारे लहान उपकरण पेटीत असेल, तर प्रयोगशाळेला नमुन्याची अवस्था निश्चितपणे कळते.

नमुन्यासोबतचा माहितीपत्रकही तितकाच महत्त्वाचा आहे. संपर्काची तारीख, किरणांचा प्रकार, शरीराचा कोणता भाग समोर होता, ही माहिती नसेल तर योग्य वक्र निवडता येत नाही. द्विकेंद्री गुणसूत्रे कालांतराने कमी होत जातात. त्यांचा अर्धकाल सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत आढळला आहे. म्हणून तारीख चुकली तर उत्तर चुकते. जुन्या संपर्कासाठी स्थानांतरित गुणसूत्रे शोधणारी प्रतिदीप्त पद्धती वापरावी लागते. त्या व्यक्तीने पूर्वी किरणोपचार घेतले आहेत काय, हाही प्रश्न पत्रकात असला पाहिजे. किरणोपचार घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात द्विकेंद्री गुणसूत्रे असणारच. बार्शीच्या रुग्णालयाशी अनेक कुटुंबांचा संबंध आलेल्या या परिसरात हा प्रश्न औपचारिक नाही.

असे शिस्तबद्ध काम या जिल्ह्यात होऊ शकते काय, अशी शंका घेतली जाईल. तिचे उत्तर जिल्ह्याच्याच इतिहासात आहे. १९८७ मध्ये बार्शी येथे सुरू झालेली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीसह परंडा व भूम या तालुक्यांतील गावांत पोहोचली. ग्रामीण भारतातील ती अशा प्रकारची पहिली नोंदणी होती. पुढे याच जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय व फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. गावांचे ५२ गट व ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले, असा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर मान्य झाला. गावोगावी घेतलेले नमुने एकाच रीतीने घेतले, जपले व तपासले गेले, म्हणूनच त्या निष्कर्षाला वजन आले. तो अनुभव येथील आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पिढीने घेतलेला आहे. २०२२ मध्ये जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने प्रशिक्षणाची सोयही जवळ आली आहे. जिल्हा रुग्णालयात योग्य नळ्या, पेटी, छापील माहितीपत्रक व एक प्रशिक्षित व्यक्ती एवढी तयारी ठेवणे अशक्य नाही.

मर्यादा व दक्षता

जैविक मात्रामापन सर्व प्रश्नांचे उत्तर देत नाही. सुमारे ०.१ ग्रेपेक्षा कमी मात्रा या पद्धतीने मूळ प्रमाणापासून वेगळी ओळखता येत नाही. म्हणून बिल्ल्यावरील किरकोळ वाढीसाठी ही चाचणी निरर्थक आहे. तसेच फार मोठ्या मात्रेत पेशी विभाजनापर्यंत पोहोचतच नाहीत. तेथे गुणसूत्रे अकाली आकसविण्याची वेगळी पद्धती वापरली जाते. सूक्ष्मकेंद्रकांची मोजणी तुलनेने सोपी व जलद आहे, परंतु वय व लिंग यांचा तिच्यावर परिणाम होतो. संगणकाच्या साहाय्याने पेशी शोधण्याची व द्विकेंद्री गुणसूत्रे टिपण्याची सोय झाली आहे. मात्र यंत्राने टिपलेल्या गुणसूत्रांची माणसाने पडताळणी करणे आणि यंत्रासाठी वेगळा वक्र काढणे आवश्यक असते.

सर्वांत महत्त्वाची दक्षता अहवालाच्या भाषेची आहे. द्विकेंद्री गुणसूत्र हे प्रारणसंपर्काचे चिन्ह आहे. तो रोग नव्हे. ‘गुणसूत्रांत दोष आढळला’ एवढेच वाक्य एखाद्या कर्मचाऱ्याच्या हाती पडले, तर तो त्याचा अर्थ कर्करोग असा घेईल. मिळालेली मात्रा, तिच्या मर्यादा आणि त्यातून काय सिद्ध होत नाही, हे तिन्ही त्याला समजेल अशा मराठीत सांगितले गेले पाहिजे.

समारोप

गुणसूत्रीय इजेवरून मात्रा मोजण्याचे शास्त्र सहा दशकांहून जुने आहे. त्यातील मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. बदलली आहे ती तिच्याभोवतीची शिस्त. पेशीची व्याख्या, विभाजनाची खातरजमा, स्वतःचा वक्र, अनिश्चिततेची नोंद व परस्परतुलना या पाच-सहा गोष्टींनी एका कल्पनेचे विश्वसनीय मापनात रूपांतर केले. ही शिस्त प्रयोगशाळेच्या दारात सुरू होत नाही. ती जिल्हा रुग्णालयातील नळीच्या निवडीपासून सुरू होते. बिल्ल्यावरच्या एका आकड्यामुळे ज्याची नोकरी व झोप टांगणीला लागली आहे, त्या तंत्रज्ञाला खरे उत्तर मिळण्याचा हक्क आहे. ते उत्तर तुर्भ्यातील सूक्ष्मदर्शकाइतकेच धाराशिवात भरलेल्या माहितीपत्रकावरही अवलंबून राहील.